रविवारचा पाऊस

करुणा, तुझ्या फोटोमागे त्यांनी तोच नकाशा लावला होता.

मी दारातून आत आले तेव्हा आधी नकाशा दिसला आणि मग तू. खोपटच्या आपल्या ऑफिसातली मीटिंगची खोली. टेबल भिंतीला सरकवलेलं, त्यावर पांढरी चादर, तुझा ओळखपत्रावरचा तो वैतागलेला फोटो मोठा करून आणलेला, त्याला झेंडूचा हार, आणि मागे भिंतभर आपला ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचा पावसाचा नकाशा, बारीक रंगीत चौकोनांचा. सरांनी मुद्दाम छापून घेतला होता. तुझ्या कामाची आठवण म्हणून, असं ते मला दारातच म्हणाले. ज्या नकाशापायी तू माझ्याशी अडीच महिने कामापलीकडे बोलली नाहीस, तो तुझ्या डोक्यामागे प्रभावळीसारखा लावलेला. तिथल्या तिथे टराटरा फाडावासा वाटला. मी चपला काढल्या आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. माझ्या या सवयीला तू ‘वीणाचा सभ्यपणा’ म्हणायचीस आणि तोंड वाकडं करायचीस.

तुला जाऊन आज तीन आठवडे झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. तुझ्यावर, सरांवर, त्या खोलीत माना डोलावणाऱ्या सगळ्यांवर. आणि सगळ्यात जास्त कोणावर, ते तुला ठाऊक आहे.

आपण दोघी एकाच दिवशी या ऑफिसात लागलो. मी टेंभी नाक्यावरून रमतगमत चालत आलेले, तू ठाकुर्लीहून घामाघूम होऊन. पहिल्या आठवड्यात मला काही उमजत नव्हतं, तेव्हा समजावलंस तूच. जगभराच्या हवामानाचं गणित करणारी मोठी मॉडेलं पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतात, आणि एकेक चौकोन एवढा थोरला की त्यात ठाण्याची खाडी, कल्याणची चाळ आणि घाटाचा कडा एकत्र बसतात. तिघांना एकच पाऊस. तू म्हणालीस, पंगतीत सगळ्यांना एकच डाव वाढत सुटतात ना, म्हाताऱ्याला तेवढंच आणि पैलवानाला तेवढंच, तसं हे. आपलं काम म्हणजे ज्याच्या त्याच्या पानात ज्याची त्याची भूक बघून वाढणं. मोठ्या चौकोनाचे लहान चौकोन करायचे, डोंगर कुठे आणि खाडी कुठे ते त्यांना सांगायचं, आणि मग निघालेला पाऊस त्या त्या जागच्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचा. मॉडेल जास्त दाखवत असेल तर कापायचं, कमी दाखवत असेल तर वाढवायचं. त्यावरून पुढच्या काही दशकांत कोणत्या वस्तीवर एका दिवसात किती पाणी कोसळू शकेल याचा अंदाज येतो. नाला कुठे रुंद करायचा, पंप कुठे बसवायचे, भिंत कुठे घालायची, हे पालिका त्या अंदाजावरून ठरवते.

हे सगळं तू मला शिकवलंस. पुढे या कामाची प्रमुख मी झाले आणि तू झाली नाहीस. का, ते आपण दोघी कधी मोठ्याने बोललो नाही.

तुझी एक खोड होती. पर्जन्यमापक स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचा आकडा घ्यायचा नाही. मुरबाडला जाऊन आलीस आणि सांगितलंस की तिथलं मापक आंब्याच्या झाडाखाली आहे, पानांनी अडवलेला पाऊस त्यात पडतच नाही. अंबरनाथच्या एका मापकाच्या नरसाळ्यात काड्याकाटक्या सापडल्या. मी तुला ‘तपासनीसबाई’ म्हणून चिडवायचे, पण तुझ्या या वणवणीमुळे आपली कामं इतरांपेक्षा बरी निघायची, हे मला पक्कं माहीत होतं. या नकाशाच्या वेळी मात्र पालिकेची घाई होती. सर रोज विचारत होते. मी तुला सांगितलं, या खेपेला हिंडू नकोस, रजिस्टरं स्कॅन होऊन आली आहेत, तेवढी पुरे. आयुष्यात त्या एकाच वेळी तू माझं मुकाट्याने ऐकलंस. त्याचाही मला राग आहे.

एप्रिलमध्ये नकाशा पालिकेला देऊन झाल्यावर तू त्यात स्वतःचं घर शोधलंस. सगळेच शोधतात. ठाकुर्ली आणि कल्याणच्या मधली, नाल्याकाठची तुमची चाळ. चौकोन हिरवा निघाला. धोका कमी. तू हसलीस आणि म्हणालीस, हिरवा कसा, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात आमच्याकडे गुडघ्याच्या वर पाणी होतं. मग ती तारीख काढलीस. रविवार होता. आपल्या फाइलीत त्या दिवशी बेताचा पाऊस होता, आणि दुसऱ्या दिवशीही अगदी तेवढाच, दशांशासकट.

दुसऱ्या दिवशी तू त्या शाळेत गेलीस. तुमच्या भागाला तेवढं एकच पर्जन्यमापक. शाळेच्या आवारात कुंपण घालून ठेवलेलं, आणि त्याची नोंद वीस वर्षं सावंतमामांकडे, म्हणजे शाळेच्या शिपाईमामांकडे. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा. एका दिवसाचा खाडा नाही. फक्त रविवारी शाळेला कुलूप. सोमवारी बाटलीत दोन दिवसांचं पाणी साठलेलं असायचं. मामा त्याचे दोन सारखे भाग करायचे, अर्धं रविवारी लिहायचे, अर्धं सोमवारी. जोडून सुट्टी आली की तीन भाग. रकाना रिकामा दिसला तर तपासणीला आलेले साहेब ओरडायचे, आणि सगळं एकाच दिवसावर टाकणं मामांना बरं वाटायचं नाही. त्यांनी तुला आधी चहा पाजला आणि मग रजिस्टर स्वतःच उघडून दाखवलं, किती नीटनेटकं ठेवलंय म्हणून. हे सांगताना तू हसत होतीस. तुला त्या माणसाचा एवढासुद्धा राग आला नव्हता.

मला धडकी भरली होती. रविवारचा जबर पाऊस वीस वर्षं अर्धा होऊन कागदावर येत होता. आपलं मॉडेल त्या भागात अधूनमधून मोठा पाऊस दाखवत होतं आणि नोंदींत तसं सापडत नाही म्हणून आपण तो कापत होतो. मॉडेल खरं बोलत होतं, आपण त्याचा कान धरून त्याला गप्प बसवलं. मला हे आधी का नाही दिसलं? कारण मी ताडून बघितली ती महिन्याची बेरीज. ती चोख जुळत होती. दोन दिवसांचं पाणी कसंही वाटा, बेरीज तीच राहणार.

मी तुला तेच सांगितलं. बेरीज बरोबर आहे, सरासरी बरोबर आहे, एका शाळेच्या रजिस्टरपायी अख्खा नकाशा मागे घेता येणार नाही. तू टेबलावर हात टेकून उभी होतीस. "चाळीत महिन्याचं पाणी येत नाही गं वीणा," तू म्हणालीस, "एका दुपारचं येतं."

आठवड्याने तू पिशवीभर लग्नाचे अल्बम घेऊन आलीस. कोणाच्या मावशीचा, कोणाच्या जावेचा, प्लास्टिकच्या कव्हरांचे, उघडले की डांबरगोळीचा वास. माझ्या टेबलावर पसरलेस. नवरदेव सुटाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. पाळण्यातलं बाळ टेबलावर चढवलेलं आणि खाली गढूळ पाणी. बायकांनी नवी पातळं खोचलेली आणि तरी सगळ्या फोटोसाठी हसतायत. फोटोच्या कोपऱ्यात तारीख. तू म्हणालीस, आमच्यात लग्नाला मुहूर्त लागत नाही, सुट्टी लागते. भर पावसाळ्यातली लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळे रविवारचे. मामांच्या रजिस्टरात जे रविवार नव्हते ते तुमच्या चाळीच्या कपाटांत नीट जपून ठेवलेले होते. मी इतकी वर्षं या कामात आहे, एवढा हुशार पुरावा मी पाहिलेला नाही. हे मी तुला तेव्हा म्हणाले नाही. मी म्हणाले, लग्नाचे अल्बम म्हणजे डेटा नव्हे.

आणि मग ते वाक्य. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पण इथे लिहिणार आहे, कारण ते लपवलं तर हे सगळं पुन्हा सभ्यपणाच होईल. मी म्हणाले, "तुझं घर तिथे आहे म्हणून तुला तो चौकोन लाल हवाय."

तू अल्बम एकेक करून पिशवीत भरलेस. घाई केली नाहीस. "हो," तू म्हणालीस, "आणि तुझं तिथे नाही म्हणून तुला हिरवा चालतोय."

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. फाइल पाठव, फाइल मिळाली. चहाला तू खालच्या टपरीवर एकटी जायला लागलीस. मी वर खिडकीतून बघायचे आणि मनात तुझ्याशी भांडायचे, आणि त्या भांडणात दर वेळी मी जिंकायचे.

जुलैत पाणी आलं. तो गुरुवार होता. चाळीत कमरेएवढं पाणी चढलं. तुझ्या टाचेला आदल्या दिवशी पत्रा लागला होता. ते मला नंतर तुझ्या आईकडून कळलं. तरी तू उतरलीस. आईला वरच्या माळ्यावर पोचवलंस, शेजारच्या आजोबांना, मग कोणाकोणाला. पाणी ओसरल्यावर आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या त्या तापाच्या, गोळ्या आणल्यास आणि घराघरांत वाटल्यास. स्वतः घेतलीस का? नाही. का नाही घेतलीस? मला याचं उत्तर हवंय, करुणा, आणि ते द्यायला तू नाहीस, म्हणून माझं डोकं फिरतं. सगळ्या गल्लीला शहाणपण शिकवणारी बाई स्वतःचा ताप चार दिवस अंगावर काढते. आईला म्हणालीस, थकवा आहे, झोपले की उतरेल. झोपली होतीस कुठे? लॅपटॉप मांडीवर घेऊन रविवार दुरुस्त करत बसली होतीस.

हॉस्पिटलात मी आले होते. तुला दाखल केल्याच्या पाचव्या दिवशी. तोवर मी तुझ्या फोनची वाट बघत घरी बसले होते, कारण आधी तू बोलावंस असं मला वाटत होतं. आले तेव्हा तू कोणाला ओळखत नव्हतीस. काचेच्या दारातून तुझे पाय तेवढे दिसले, टाचेला पट्टी बांधलेली.

तुझा मेल त्याच्या चार दिवस आधीच आला होता. विषय: रविवार. मी तो उघडला नव्हता. मला वाटलं, पुन्हा भांडण. तू गेल्यावर तुमच्याकडे पुण्यानुमोदनाच्या विधीला येऊन परतले तेव्हा उघडला. वीस वर्षांचे सगळे रविवार होते त्यात. मामांची बेरीज तशीच ठेवून, डोंबिवली आणि कल्याणच्या मापकांवर कोणत्या दिवशी किती पडला ते बघून, तू ती दोन दिवसांत नव्याने वाटली होतीस. जिथे अल्बममधला फोटो जुळत होता तिथे पुढे एक खूण. जिथे खात्री नव्हती तिथे स्पष्ट लिहिलेलं, खात्री नाही. खाली दोनच ओळी. "मामांचं नाव रिपोर्टात घालू नकोस, सगळे त्यांच्यावर ढकलून मोकळे होतील. न बघता घेतलं ते आपण." त्यात ‘आपण’ लिहिलं होतंस. ‘तू’ लिहायला हवं होतंस. तेवढाही राग धरता आला नाही का तुला माझा?

तर त्या शोकसभेत मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सर बोलत होते. करुणाने जगाचं हवामान आपल्या गल्लीपर्यंत आणून पोचवलं, या नकाशाच्या रूपाने ती आपल्यात राहील, वगैरे. माझ्या शेजारी तुझी आई, पांढऱ्या साडीत, हातात रुमालाची घडी. त्यांचं लक्ष भाषणाकडे नव्हतं. त्या नकाशा बघत होत्या. सर बसल्यावर त्या उठल्या, माझा हात धरून मलाही उठवलं आणि भिंतीपाशी घेऊन गेल्या. तुझ्या फोटोवरून ओणव्या होऊन त्यांनी विचारलं, "यात आमचं घर कुठं हाय गं?"

मी बोट ठेवलं.

"हिरवं म्हंजे?"

"म्हणजे, मावशी, तिथे फार पाणी साठायचं नाही, असं."

त्यांनी त्या चौकोनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज जराही चढवला नाही.

"मग माझी पोरगी कशात उभी होती?"

 सर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत राहिले. करुणा, मला वाटलं होतं तुझ्या मरणाने मला रडू येईल. मला चीड आली.  मी वळून सगळ्यांना सांगितलं की हा नकाशा चुकीचा आहे, करुणाने मला तो मे महिन्यातच दाखवून दिला होता, मी ऐकलं नाही, आणि यावर सही माझी आहे. सर हळूच म्हणाले, वीणाताई, आत्ता नको, तुम्ही भावनेच्या भरात आहात. घर तिथे आहे म्हणून तू असं बोलतेस, हे मीच तुला म्हणाले होते. तेच शब्द जरा फिरून माझ्याकडे आले. मी नकाशा भिंतीवरून काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघाला. फाडला नाही, गुंडाळून घरी आणला. पुरावा आहे तो.

दुसऱ्या दिवशी पालिकेला पत्र दिलं. हाताने नेऊन दिलं आणि पोच घेतली. नकाशा मागे घेत आहोत, त्यावरून नाल्याचा आराखडा मंजूर करू नये, नोंदी नीट न तपासता वापरल्या, जबाबदारी माझी. मामांचं नाव नाही. सरांनी मला बोलावून विचारलं की हे कोणाला विचारून केलं. मी म्हणाले, करुणाला. ते मला ठेवतील की काढतील ते अजून ठरलेलं नाही, आणि पालिकेनेही अजून फेरतपासणी एवढंच म्हटलंय. आराखडा मात्र थांबला आहे. तुझे रविवार घालून मी सगळं गणित पुन्हा चालवलं. चार दिवस लागले. तुमच्या चाळीचा चौकोन लाल आला, आणि त्याच्या आजूबाजूचे आणखी सहा. त्या सहांत राहणारी माणसं तुझी कोणी लागत नव्हती. तुला तो चौकोन तुझ्या घरासाठी लाल हवा होता म्हणे. माझी जीभ झडायला हवी होती.

काल रविवार होता. सकाळी आठला मी तुझ्या त्या शाळेत गेले. सावंतमामांना आदल्या दिवशी फोन केला होता. ते किल्ली घेऊन फाटकाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. ते मला मापकापाशी घेऊन गेले. मग म्हणाले, "मॅडम, त्या बाई माझ्या रजिस्टरातले रविवारच बघत होत्या. माझ्या लिहिण्यात काय चुकलं होतं काय?"

मी म्हणाले, "तुम्ही मोजलंत तेवढं बरोबर मोजलंत, मामा. आम्ही वीस वर्षांत कधी येऊन विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पुरतं पटलं नसावं. मग त्यांनी मला बाटली कशी काढायची, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत कसं धरायचं ते शिकवलं. एवढी वर्षं मी पावसाचे आकडे हलवतेय आणि पाऊस मोजायला काल शिकले. तू असतीस तर मोठ्याने हसली असतीस. आता दर रविवारी एक जण येईल असं आम्ही ठरवलंय, एकदा मामा, एकदा मी. तुझ्या आईंनी निरोप पाठवलाय की चाळीतल्या बायकांनाही शिकव, आम्ही पण येऊ.

साडेआठ वाजता मामांनी रजिस्टर उघडलं. रविवारच्या ओळीत रविवारचा आकडा लिहिला गेला. शेवटच्या रकान्यात नोंद घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. पेन माझ्या हातात होतं. तुझं नाव लिहावं असं क्षणभर फार वाटलं, मामाही म्हणाले की त्या बाईंचं लिहा.

मी माझं लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. उद्या यात चूक निघाली तर कोणाला धरायचं, ते तुझ्यासारख्या कोणालातरी कळायला हवं.